पत्रकाच्या तळाची ओळ

हे मी सभेत बोललो नाही, मित्रांत बोललो नाही, घरी तर नाहीच. तुला सांगतोय, कारण कधीतरी नाशिकच्या रविवार कारंजा चौकात माझ्या हातून तू पत्रक घेतलं असशील. वाचून मान डोलावली असशील — पोरगा खरं बोलतो. नको डोलावू. आधी ऐक.

आणि मी गोड लिहीन अशी अपेक्षाही नको. कॉलेजपासून पत्रकंच लिहीत आलोय. पत्रकात वाक्य छोटं लागतं आणि शत्रू मोठा लागतो. शत्रूंची मला कधी ददात पडली नाही — कंपन्या, साहेब, नगरसेवक. आज मात्र शोधायला कुठे जावं लागलं नाही.

आमच्या गटाची एक रीत आहे. प्रत्येक पत्रकाच्या तळाला बारीक अक्षरात एक ओळ असते — ‘माहिती देणाऱ्यांच्या संमतीने प्रसिद्ध’. ही ओळ सुरगाण्याच्या आदिवासी पाड्यांतून आली. तिथे एका कंपनीची माणसं जीप घेऊन आली, कुणाला न विचारता शेतं मोजली, घरांचे, बायामाणसांचे फोटो काढले आणि निघून गेली. आम्ही मोर्चा काढला. ‘आधी विचारा!’ — ही घोषणा माझी. माझ्या हातात कॅमेरा होता. पाड्यावरच्या एका मावशीने तो बघितला आणि म्हणाली, “आन तुमी तरी इचारता का रं आमाला?” सगळे हसले. मीही हसलो. परत येताना जीपमध्ये ठरलं — आपण विचारायचं, आणि विचारलं हे छापायचं. तेव्हापासून ती ओळ आमच्या कॉम्प्युटरमधल्या साच्यात कायमची बसली. पत्रक उघडलं की ती आधीच तिथे असते. कुणी टाइप करत नाही. कुणी वाचतही नाही.

आता तबस्सुम.

ती माझ्या वर्गातली. रसायनशास्त्र. मी मधेच कंटाळून मोर्च्यांत गेलो, ती संशोधनापर्यंत पोचली. वडील भद्रकालीत कल्हईवाले — आम्ही सगळे त्यांना चाचा म्हणायचो. दुकानात नवसागराचा पांढरा धूर, आणि त्या धुरात बसून तबस्सुमने मला तिचं काम समजावलं होतं. लिथियम बॅटरीची जी धन बाजू असते, कॅथोड, ती एका काळ्या पुडीची असते. बॅटरीतलं द्रव त्या पुडीला हळूहळू खातं. म्हणून पुडीच्या कणाकणावर पातळ लेप द्यायचा. पितळेच्या पातेल्यात आमटी कळकू नये म्हणून कल्हई, तसंच. लेप जगभर देतात. पण भट्टी एकदम तापवली की थराला चिरा पडतात. तबस्सुमचा शोध होता तो इथे — लेप कशाचा, पुडीशी प्रमाण काय, आणि भट्टी दोन टप्प्यांत कशी तापवायची.

चाचा भाता मारता मारता म्हणाले होते, “पातेली संपली बेटा, सगळ्यांकडे स्टील आलं. आता माझी पोरगी मोबाइलला कल्हई लावणार!”

आणि ती काय म्हणाली होती? शब्दन्‌शब्द लक्षात आहे, हीच तर अडचण आहे. “विन्या, पेटंटचा अर्ज अजून गेलेला नाही. बाहेर एक अक्षर नको. तुझं तोंड म्हणजे लाउडस्पीकर.”

मी हो म्हणालो.

आणि छापलं. का? कारण आमचं बॅटरीवरचं पत्रक कोरडं वाटत होतं. कारण कंपन्या शोध कुलपात ठेवतात असं मी ओरडत होतो आणि मला नाशिकचं, आपल्या गल्लीतलं उदाहरण हवं होतं. ‘बॅटरीला कल्हई — भद्रकालीच्या लेकीचा शोध’. मथळा सुचला आणि मग मला थांबता येईना. प्रमाण छापलं. भट्टीचे दोन्ही टप्पे छापले. तपशील नसलेलं पत्रक लोक मिसळीच्या प्लेटखाली घालतात, हे मी नव्या पोरांना शिकवतो. तळाला ती ओळ होतीच. पत्रक वेबसाइटवर तारखेसकट चढलं, नेहमीसारखं.

थांब. तुला वाटलं हाच गुन्हा. नाही, ही चूक. गुन्हा पुढे आहे.

तबस्सुमने पत्रक पाहिलं. फोनवर मला जे बोलली ते इथे छापता येणार नाही. मग एका वकीलबाईंना गाठून धावपळ करून तिने अर्ज दाखल केला. पुढे तो जाहीर झाला, आणि एका बॅटरी कंपनीने त्याला विरोध नोंदवला. असा विरोध कुणालाही करता येतो — कसा करायचा याची शिबिरं मीच घेतो. कंपनीने पुरावा काय लावला? माझं पत्रक. भाषांतरासकट. हे तर अर्जाआधीच जगजाहीर आहे, मग यात नवीन काय?

पण कायद्यात एक वाट होती. शोध करणाऱ्याकडून कळलेली गोष्ट दुसऱ्याने तिच्या संमतीशिवाय छापली असेल आणि कळल्यावर तिने लगेच अर्ज केला असेल, तर ते छापणं तिच्या आड येत नाही. म्हणजे सगळं एका प्रश्नावर आलं — विचारलं होतं का? आणि उत्तर देऊ शकणारी माणसं दोनच. ती आणि मी.

ती गंगापूर रोडवरच्या आमच्या गटाच्या खोलीवर आली. सुरगाण्याच्या दुसऱ्या मोर्च्याचे फलक रंगवणं चाललं होतं. जमिनीवर ‘आधी विचारा!’ ओला, लाल. पोरं भोवती बसलेली. तिने वकीलबाईंनी टाइप केलेलं प्रतिज्ञापत्र पुढे केलं. मजकूर एवढाच, की मी तबस्सुमला न विचारता छापलं आणि तळाची ओळ या पत्रकापुरती खोटी आहे.

तुला कळतंय ना मला काय दिसलं? मला ती दिसली नाही. मला सुरगाण्याच्या कंपनीचा वकील दिसला, हातात तो कागद घेऊन — ‘आधी विचारा म्हणणाराच विचारत नाही.’ मला पोरांचे चेहरे दिसले.

मी म्हणालो, “तबस्सुम, तू हो म्हणाली होतीस. तुला आठवत नसेल.”

“मी? मी हो म्हणाले?”

“दुकानात. हसत हसत.”

आमच्यातला एकजण ब्रश खाली न ठेवता म्हणाला, “मॅडम, खाली छापलंय ना संमतीने म्हणून.” कुणीतरी हसलं. ती माझ्याकडे बघत राहिली, मी फलकाकडे. मग म्हणाली, “अब्बा समोर होते, विन्या. त्यांनाही खोटं पाडणार?” कागद टेबलावर ठेवून ती जिना उतरली.

हा तो गुन्हा. एवढाच. घाबरलो होतो म्हणू? घाबरलो होतो. पण एक वाक्य घडवून, नीट, साक्षीदारांसमोर बोललो. घाबरलेला माणूस गप्प बसतो. मी गप्प बसलो नव्हतो.

पेटंट कार्यालयाची सुनावणी व्हिडिओवर झाली. तिने स्वतःचं प्रतिज्ञापत्र दिलं, चाचांनीही दिलं. चाचांबद्दल कंपनीचा वकील म्हणाला, बापच तो, मुलीच्या बाजूने बोलणारच. समोर छापील ओळ होती आणि ज्याने ती छापली त्याचं तोंड बंद होतं. अर्ज नाकारला. आदेशात लिहिलं होतं, की शोध आधीच प्रसिद्ध होता आणि प्रकाशनावरूनच संशोधकाची संमती दिसते. प्रकाशनावरून. म्हणजे माझ्यावरून.

अंबडला एक लहान कारखानदार तिच्यासोबत ही पूड बनवायला तयार झाला होता. पेटंट नाही म्हटल्यावर त्याने हात आखडता घेतला. आज तिची पद्धत कुणीही वापरू शकतो. ज्ञान लोकांचं झालं — माझीच घोषणा! लोक कोण? ज्यांच्याकडे तशा भट्ट्या आहेत ते. भद्रकालीत तशी भट्टी नाही.

आणि मी काय केलं माहितीये? पत्रक काढलं. ‘नाशिकच्या लेकीचा शोध बाबूशाहीने गिळला’. तपासणी अधिकाऱ्याला कंपन्यांचा कारकून म्हणालो. त्या माणसाने समोर ठेवलेलं वाचलं, दुसरं काय करणार होता? समोर मी लिहिलेलं होतं. आम्ही शालिमार चौकात निदर्शनं केली, माझं भाषण गाजलं. टाळ्या पडल्या. त्यात तुझीही असेल. तबस्सुम रस्त्याच्या पलीकडे स्कूटीवर होती, हेल्मेट न काढता. काच वर करून तिने पूर्ण भाषण ऐकलं. मी तिला ओळखलं आणि आवाज आणखी चढवला.

अपिलाची मुदत होती. तोवर मी बोललो असतो तर कदाचित उपयोग झाला असता. ती मुदत संपली. ती संपायची मी वाट पाहत होतो का? हो. शेवटचा दिवस मला माहीत होता. त्या दिवशी मी नव्या पोरांचं शिबिर घेत होतो — विरोध अर्ज कसा लिहावा.

हे लिहून झाल्यावर मी तिला पाठवलं. नाव, दुकान, शोध, सगळ्यासकट. विचारलं, छापू का?

तिचं उत्तर आलं. “आता विचारतोस? छाप. आणि तळाची ओळ काढू नकोस.”

माहिती देणाऱ्यांच्या संमतीने प्रसिद्ध.