दातातला पदर

सगळ्यात आधी दारात आल्या त्या शांताक्का, माझ्या मोठ्या नणंदबाई. लातूरहून भोकरपर्यंत बसचे धक्के खाऊन आल्या, तरी आवाज तसाच... "सरू, चहा टाक गं, बघ कोणाला आणलंय!" मागं त्यांची नवी सून स्नेहल, दातांची डॉक्टर. लई गोड पोरगी, चप्पल काढायच्या आधीच पाया पडायला वाकली.

मी मात्र पार थकून गेले होते बघा. पावसाळ्यापासून उजवा गाल ठणकून राहिलाय, कानशील जड, मान जड. त्या बाजूच्या दोन दाढा काढून झाल्या, दुखणं हाय तिथंच... शनिवारी तिसरी काढायला नांदेडला जायचं होतं. चावायला तेवढीच उरलेली, ती गेली की भाकरी सुटली म्हणायची.

पण पाहुणे आले म्हणल्यावर भाकरी तर थापायलाच पाहिजे. परातीपाशी बसले, तर मला बघून आक्का खो खो हसायला लागल्या. "आमचे बाबा जाऊन किती वर्षं झाली, हिच्या दातातला पदर काही सुटेना! झोपताना तरी सोडतीस का गं?"

खरंच की... सासरे ओसरीवर बसायचे आणि माझे दोन्ही हात पिठात. डोक्यावरून घसरू नये म्हणून पदराचा कोपरा दातात धरायचा, तो धरलाच. माझ्या सगळ्या लुगड्यांचे कोपरे बघा, उंदरानं कुरतडल्यासारखे.

स्नेहल नाही हसली. "मामी, दिवसभर असंच धरता?" म्हणत जवळ आली. चमच्याच्या दांड्यानं दाढेवर टकटक केलं, काही दुखलं नाही. मग गालावर बोट दाबलं, कानशिलावर दाबलं, तशी मी ओरडलेच.

नांदेडला काढलेल्या दाढेच्या एक्स-रेचा फोटो माझ्या मोबाईलमध्ये होता, तो तिनं दोनदा बघितला. "दाढ चांगली हाय मामी, काढू नका. जबडा दुखतोय. त्याचे स्नायू सारखे आवळलेले, म्हणून दाबलं की कळ येते." ओठ मिटलेले पण दात सुटे ठेवा म्हणली, गरम फडक्यानं शेका, थोडे दिवस मऊ खा. मग स्वतःच्या ओढणीची पिन काढून माझा पदर डोक्यावर टाचून दिला.

दातांना काही कामच राहिलं नाही... इतकं मोकळं वाटलं की कसंनुसंच झालं.

एका दिवसात जायचं नाही हे दुखणं, तिनं आधीच सांगितलंय. काल पिन लावलेली असून पदर दातात सापडला, आज पण मान भरूनच आलीय. पण शनिवारचं जाणं रद्द केलं, दाढ माझी माझ्याजवळ हाय. देव त्या पोरीला सुखात ठेवो.

येळवशीला, मार्गशीर्षातल्या अवसेला, परत येतो म्हणल्यात दोघी, शेतात पूजा करून जेवायला. आक्का जाता जाता म्हणल्या, "तवर पदर खाऊ नको, भूक ठेव!"