परदेशातली रांग

आमच्या चिक्कडपल्लीतले शेजारी काका गौलीगुड्याच्या बस स्टँडवर कंट्रोलर होते. आता निवृत्त आहेत, तरी दुधाच्या बूथवरही "हल्लू, हल्लू" म्हणत लोकांना रांगेत लावतात. फुटबॉलची फायनल बघायला आम्ही दोघं परदेशी गेलो, तेव्हा स्टेडियमकडे जाणाऱ्या बसच येईनात. हजारोंची रेटारेटी सुरू झाली. काका हात पसरून पुढे उभे राहिले. भाषा कळत नसतानाही लोक त्यांचं ऐकू लागले. बस आल्या तशा त्यांनी म्हातारे आणि लेकुरवाळ्या बाया आधी चढवल्या. आम्ही चढलो तेव्हा अर्धी मॅच संपली होती.

"काका, एवढ्या लांब येऊन मॅच हुकली की," मी म्हणालो.

"हुकू दे. कोणी चेंगरलं नाही."

बसमध्येही ते उभेच होते. समोर जागा होती, पण मलाही बसवेना.