शार्दूलची रजा

परवा लेक वैतागून बसली होती. कुठल्याशा सीरिजमधल्या जादूगारांना तिने पुण्यातल्या आयटी कंपनीत नोकरीला लावलंय, तशी गोष्ट मोबाइलवर टाकलीये, आणि एका वाचकाने त्यात चुका काढल्या... "आई, तुला नाही कळणार, हे फॅन फिक्शन आहे. अल्टरनेट युनिव्हर्स म्हणतात याला," हेही वर ऐकवलं मला.

मला नाही कळणार! अगं, नव्वदच्या दशकात सांगलीला कॉलेजात असताना मी हेच उद्योग केलेत. दोनशे पानी वहीत, बॉलपेनने.

तेव्हा रविवारी टीव्हीवर एक राजपुत्राची मालिका लागायची. राजपुत्र शार्दूल, राजकन्या मेघावती आणि एक दुष्ट मांत्रिक. मला तो पुठ्ठ्याचा राजवाडा काही पटेना, म्हणून सगळ्यांना मी आमच्याकडे आणलं. शार्दूल झाला कडेगावकडचा फौजी, मेघावती त्याची बायको आणि मांत्रिक झाला साखर कारखान्याचा चिटबॉय... कुणाच्या उसाला कधी तोड मिळणार ते याच्या हातात, म्हणजे जादूच की!

वही वर्गात फिरायची. मैत्रीण सुनंदा ती शनिवारी कडेगावजवळच्या तिच्या गावी न्यायची, वहिनीला वाचायला. वहिनीला ती इतकी आवडली की प्रत्येक प्रकरण पत्रात उतरवून ती नवऱ्याला पाठवायला लागली. सुनंदाचा हा दादा खराखुरा फौजी, तिकडे बर्फात कुठेतरी... आणि माझ्या डोक्याला ताप सुरू झाला.

दादाचं पहिलंच पत्र आलं, "ताई, रजेवर येताना बंदूक घरी आणू देत न्हाईत. काळी ट्रंक आणत्यात." घ्या! खांद्यावर बंदूक घेऊन येणाऱ्या माझ्या राजपुत्राला आता ट्रंक उचलायला लावायची.

मग दर महिन्याला एक चूक. साहेबाला नमस्कार करत न्हाईत, जय हिंद म्हणत्यात. आणि माझा चुलता चिटबॉय हाय, लय गरीब माणूस, त्याला एवढा वाईट दाखवू नका.

"तूच फौजी केलास न्हवं त्याला? आता भोग," सुनंदा हसून हसून लोळायची. एकदा मी चिडून म्हटलं, तुझ्या दादाला तिकडे दुसरं काम नाही का गं? तिने वही मिटली. मग म्हणाली, "पोरगी आठ महिन्यांची झाली. त्यानं अजून तिचं त्वांड बघितलं न्हाई."

मला वाईट वाटलं, नाही असं नाही. पण शेवट मी आधीच ठरवला होता... शार्दूलची रजा तिसऱ्यांदा नामंजूर होते, मेघावती लेकीला कडेवर घेऊन फाट्यावर उभी राहते, संपलं. तीन आठवडे घासून लिहिलं होतं. वर्गात दोघी खरंच रडल्या आणि मी हवेत तरंगत होते.

तेवढ्यात दादाचं पत्र. "ताई, यावेळी चूक न्हाई. रजा अशीच नामंजूर हुती. माझी दोनदा झाली. पण शार्दूलची तेवढी मंजूर करा. तुमच्या हातात हाय."

काय संताप झाला माझा! वाचकाने शेवट बदलायला सांगायचं म्हणजे काय? दोन दिवस मी धुसफुसत होते... पण माझ्या हातात होतं, हे खरंच होतं. तिसऱ्या दिवशी पानं फाडली. शार्दूल कराडला रेल्वेतून उतरला, एसटीने फाट्यावर आला, काळी ट्रंक खाली ठेवली आणि लेक त्याला बघून खुदकन हसली. वहिनीने तेही पाठवलं.

दोन महिने काहीच आलं नाही. मला वाटलं, एवढं करूनही साधं आभाराचं पत्र नाही या माणसाचं.

मग एक पोस्टकार्ड आलं. लष्कराचा शिक्का नव्हता, त्यांच्या गावच्या पोस्टाचा होता.

"ताई, एक चूक राहिली. पोरगी बापाला बघून हसली म्हणून लिवलंय. हसत न्हाई. लय रडती. आज चौथा दिवस, आता कुठं बोट धरू देती."

लेकीला परवा ती वही काढून दाखवली. शेवटच्या पानावर 'हसली' खोडून 'रडली' केलंय. एवढी एकच दुरुस्ती मी न चिडता केली होती...