नेमुशोत म्हणजे कोण?

मी बुलढाण्याच्या कॉलेजात मराठी शिकवत होते आणि अभ्यास करत होते यहुद्यांच्या जुन्या धर्मग्रंथांचा. हे ऐकून लोक आधी हसत आणि मग विचारत, त्यातलं तुम्हाला काय कळतं? मी सांगे, तुमच्यापेक्षा जास्त. उत्तर उद्धट होतं, पण खोटं नव्हतं. हिब्रू मी पस्तिशीत शिकले, कोकणातल्या मराठी बोलणाऱ्या यहुदी घरातल्या एका निवृत्त शिक्षकांकडून. ते ठाण्याला राहत. दर रविवारी सकाळी फोनवर तासभर धडा चाले आणि उन्हाळ्याच्या सुट्टीत मी त्यांच्याकडे जाऊन बसे.

सरांची शिस्त कडक होती. कुठलाही शब्द आला की तो वेगवेगळ्या हस्तलिखितांत कसा लिहिलाय ते आधी बघायचं, कारण नक्कल करणारा डुलकी लागली की ध चा मा करून बसतो. मग तो शब्द त्या काळात आणखी कुठे सापडतो ते शोधायचं. त्यानंतर मध्ययुगातले भाष्यकार वाचायचे, आणि ते कुठल्या देशात, कुणाच्या राज्यात बसून लिहीत होते हेही ध्यानात ठेवायचं. आपलं मत सगळ्यात शेवटी, जमलं तर मांडायचंच नाही. मला हे मनापासून पटलं. पोथ्यांमध्ये विमानं आणि अणुबाँब शोधणारे विद्वान मी लहानपणापासून ऐकत आले होते. शब्द जेवढा आहे तेवढाच वाचायचा, ओढूनताणून त्याचा तंबू करायचा नाही, असं मी वर्गात आणि घरात सगळ्यांना ऐकवत असे.

माझा प्रबंध यहुद्यांच्या शेतीच्या नियमांवर होता. पीक काढताना शेताची एक कड गरिबांसाठी सोडायची, हातातून निसटलेली कणसं उचलायची नाहीत, असे ते नियम. आपल्याकडे याला सरवा वेचणं म्हणतात. पीक निघाल्यावर मागे उरलेलं गरीब माणसं वेचून नेतात. पुढच्या पंडितांनी प्रश्न काढला की हा सरवा गरिबांचा, मग बाकीच्यांना तो कधी उचलता येईल? उत्तर असं, की नेमुशोत येऊन गेले की. ते गेले म्हणजे आता काही उरलं नाही, असं बाकीचे गरीब समजतात आणि आशा सोडतात. पण नेमुशोत म्हणजे कोण? एक पंडित म्हणतो, काठी टेकत चालणारी म्हातारी माणसं. दुसरा म्हणतो, वेचणाऱ्यांच्या मागून वेचणारे. पुढच्या लोकांनी शेकडो वर्षं दोन्ही अर्थ शेजारी शेजारी ठेवले. मला निकाल लावायचा होता. मी काठीवाल्या म्हाताऱ्यांच्या बाजूनं तीस पानं लिहून काढली. सर म्हणाले, घाई करताय.

त्याच साली आमच्या भागातल्या बीटी कपाशीत शेंदरी बोंडअळी शिरली. अळी लागतच नाही म्हणून घेतलेलं बियाणं, आणि बोंड फोडावं तर आत अळी. वरवट बकालजवळचं आमचं शेत मोठा भाऊ बघतो. डिसेंबरात मी खामगावला गाडी बदलून गावी पोचले, तेव्हा तो कपाशीत उभा राहून एकेक बोंड चिरून पाहत होता. दोन वेचण्या झाल्या होत्या. उरली होती ती कवडी, म्हणजे किडलेला, पिवळा पडलेला, अर्धवट उमललेला कापूस. महिना संपायच्या आत पऱ्हाट्या, म्हणजे कपाशीची उभी झाडं, काढा, नाहीतर उरलेल्या बोंडांत अळी पुढच्या हंगामापर्यंत दबा धरून राहील, असं कृषी खात्याचे लोक सांगून गेले होते. भावानं सोनाळ्याहून पऱ्हाटीची कुट्टी करणारं यंत्र सांगून ठेवलं. ते सोमवारी यायचं होतं.

रविवारी जेवताना मी त्याला माझ्या पोथीतलं सांगत बसले. त्याला ते ऐकायला आवडे. हा सरव्याचा नियम कुठल्या पिकाला लागू, याचीही यादी आहे, मी म्हटलं. जे खाण्याचं आहे, राखलं जातं, जमिनीतून उगवतं, एकदम काढलं जातं आणि साठवून ठेवलं जातं, त्यालाच. भावानं घास थांबवला आणि म्हणाला, म्हणजे कापसाले नाही. अगदी बरोबर, मी म्हटलं, कापूस कुणी खात नाही आणि तो एकदम काढतही नाहीत. माझा भाऊ माझ्या विद्यार्थ्यांपेक्षा हुशार आहे याचा मला अभिमान वाटला.

सोमवारी सकाळी आम्ही शेतात गेलो, तर धुऱ्यावर, म्हणजे शेताच्या बांधावर, चाची बसलेली. चाची म्हणजे गावातल्या पिंजाऱ्याची विधवा. आमच्या शेतातली कवडी ती दर वर्षी वेचून नेई, घरी पिंजे आणि उशा भरून बाजारात विके. तिचा हिवाळा त्यावर निघे. बाकीच्या बाया शनिवारीच वेचून गेल्या होत्या. ही आज आली होती, हातात काठी, काखेत रिकामी झोळी.

मी भावाला म्हटलं, यंत्र उद्या बोलव.

"अळी कोनासाठी थांबते काय?" तो म्हणाला. "अन् कालच त तू सांगितलं, कापसाले लागू नाही."

गुरूची विद्या गुरूला फळली. मी पुस्तकी तोऱ्यात सुरू झाले. यादी एक गोष्ट आणि यादीमागचं कारण दुसरी. कड शेताच्या शेवटीच का सोडायची, याचं कारण पंडितांनी दिलंय: मधेच कुठेतरी सोडली तर मालक कधी सोडतो याची वाट बघत गरिबाला दिवसभर ताटकळावं लागेल. म्हणजे नियमाचा जीव गरिबाच्या वेळेत आहे, पिकाच्या जातीत नाही. भाऊ म्हणाला, शब्द जेवढा आहे तेवढाच वाचायचा असं कोण म्हणत होतं? मी म्हटलं, ते वेगळं. तो म्हणाला, कसं वेगळं? त्याचंही चूक नव्हतं. आमच्या शेतातून अळी पसरली असती तर चहूबाजूंच्या लोकांनी त्यालाच धरलं असतं. पण मी हरायला तयार नव्हते. यंत्र आलं, उभं राहिलं, ड्रायव्हरनं इंजिन बंद केलं आणि तोही ऐकत बसला. शब्दाचा कीस काढण्यात आमचा तासभर तरी गेला.

मग चाची म्हणाली, "तुमचं बोलनं झालं काय, पोरी? आत जाऊ देत असान त जातो, नाही त घरी जातो. बसून बसून पाय आखडला."

गरिबाला ताटकळत ठेवू नये हे सिद्ध करण्यासाठी मी तिला तासभर ताटकळत ठेवलं होतं. इतकी लाज मला कधी वाटली नव्हती. काहीतरी बोलायचं म्हणून मी विचारलं, चाची, तुम्ही शनिवारीच का नाही आलात?

"शनवारी जवान बाया असतात," ती म्हणाली. "आम्ही मागल्या बाया. काठी आली हाती, त मागूनच येनं होते ना."

काठी टेकत चालणारे आणि मागून वेचणारे. दोन्ही पंडित एकाच बाईकडे बोट दाखवत होते, आणि माझी तीस पानं वाया गेली होती. भाऊ माझ्या तोंडाकडे बघत होता. त्याला काय कळलं कोण जाणे, पण तो ड्रायव्हरला म्हणाला, आधी शेजारचं वावर कर, आमचं उद्या. चाचीला त्यानं एवढंच सांगितलं, की कापूस काढून बोंडं इथंच टाकायची, घरी न्यायची नाहीत. ती म्हणाली, ते तिला कळतं.

ती ओळीओळीनं फिरत राहिली आणि आम्ही दोघं धुऱ्यावर बसून राहिलो. झोळी अर्धीच भरली.

पुढच्या रविवारी मी सरांना सगळं सांगितलं. या अर्थाला एकाही हस्तलिखिताचा आधार नाही, ते म्हणाले, तळटीपेत टाका. मी तो मुख्य मजकुरात घातला, आणि परीक्षकांपुढे उभं राहून तासभर लढवला. प्रबंध मंजूर झाला. त्या प्रकरणाचा मला आजही गर्व आहे.

पुढच्या डिसेंबरात कॉलेजात असताना भावाचा फोन आला. यंत्र आलं होतं, त्यानं परत पाठवलं होतं. चाची आली नव्हती.

"तीन दिवस झाले थांबून राह्यलो," तो म्हणाला. "घरी जाऊन पाह्यलं, त ते खाटेवर. उठनं होत नाही. म्हनते, येतो मी, तू थांब. तुह्या पोथीत काय लिहेल हाये, किती थांबाचं?"

कड केवढी सोडायची, कणसं किती पडली तर सरवा, मालकानं शेतात कधी यायचं, त्या पोथीत सगळं होतं. हे नव्हतं. मला रडू आलं आणि ते मी त्याच्यापासून लपवलं नाही.

"लिहिलेलं नाही," मी म्हटलं. "थांब अजून."

"हाव," तो म्हणाला, "थांबतो."