नाव नसलेलं बटण

ऑफिसात तिला सगळे 'चिवट' म्हणत, आणि तिला त्याचा राग येत नसे. औषधं घरपोच मागवायच्या ॲपची चाचणी घेणं हे तिचं काम. त्यासाठी ती प्रोग्रॅम लिहायची. तो माणसासारखाच स्क्रीन उघडायचा, औषध निवडायचा, बटणं दाबायचा आणि कुठे अडलं ते सांगायचा.

एका सकाळी या प्रोग्रॅमनेच घोळ घातला. आधीच्या माणसाने त्यात 'वरून तिसरं बटण दाब' असं लिहून ठेवलं होतं. डिझायनरने वर एक नवं बटण बसवलं, खालची सरकली, आणि तिसऱ्या जागी ऑर्डर रद्द करणारं बटण आलं. मग काय, प्रोग्रॅम इमानेइतबारे एकेक ऑर्डर रद्द करत सुटला.

"तीनचं चार कर, झालं," टीमप्रमुख म्हणाले.

"आणि परत हललं की पाच? नको सर. बटण नावाने शोधू."

तिने तसं लिहिलं, तर प्रोग्रॅमने कानांवर हात ठेवले. 'ऑर्डर द्या' नावाचं बटणच इथे नाही म्हणे! तिने नीट पाहिलं. बटणावर नुसतं पिशवीचं चित्र होतं, नाव कुणी दिलंच नव्हतं.

"ताई, तुझ्या टेस्टसाठी मी कोड बदलू?" स्क्रीन बनवणारा प्रोग्रॅमर कुरकुरला. "चित्रावरून कळतं की सगळ्यांना!"

संध्याकाळी ती मावशीकडे गेली. मावशीने जन्मभर शिवणकाम केलेलं. आता नजर पार गेली होती, फोनच तिला वाचून दाखवायचा.

"तुमच्या ॲपचं काय ते बघ बाई," म्हणत मावशीने स्क्रीनवर बोट फिरवलं. फोन बोलला, "बटण. बटण. बटण."

"आता यातलं कुठलं दाबू?"

ती ताडकन सरळ बसली. तिचा प्रोग्रॅम आणि मावशी एकाच ठिकाणी अडले होते!

दुसऱ्या दिवशी तिने स्क्रीन काळी केली, वाचणारा आवाज सुरू केला आणि फोन प्रोग्रॅमरच्या हातात दिला. "खोकल्याचं औषध मागव." त्याने बरंच चाचपडून अखेर एक बटण दाबलं. ऑर्डर रद्द झाली. तो खो खो हसला, आणि जेवणाआधी सगळ्या बटणांना नावं देऊन मोकळा झाला.

एक अडचण उरली. यादीतल्या प्रत्येक औषधापुढे 'काढून टाका' या एकाच नावाचं बटण होतं. तिने प्रोग्रॅमला आधी औषधाची ओळ शोधायला सांगितलं, मग त्या ओळीतलं बटण. पुढे डिझायनरने सगळी बटणं तळाशी नेली, तरी प्रोग्रॅम बिनचूक चालला.

मावशीचा फोन आला. "गुडघ्याचं मलम मागवलं गं, माझं मी! पण पत्ता बदलायच्या पानावर अजून नुसतं 'बटण'च म्हणतं."

"माहितीये," खुर्ची पुढे ओढत ती म्हणाली, "आता तेच पान उघडलंय."