हात पडला म्हणजे बंद

नवी वस्तू घरात आली की नाना ती वापरायच्या आधी उघडायचे. मिक्सर असो, इस्त्री असो, खोक्यातून निघाली की थेट ओट्यावर उताणी. "पहिले पोटमा काय शे ते दखू दे," म्हणायचे आणि कागदावर एकेक स्क्रू मांडत जायचे. मेहरूणला आमची आणि त्यांची भिंत एकच. नोकरी सगळी भुसावळला, रेल्वेत सिग्नलचे फिटर. बोलणं मात्र धुळ्याकडच्या त्यांच्या गावचंच राहिलं. नाना गेले तेव्हा मला रडू आलं नाही. अजूनही येत नाही. आठवतं ते सांगते, झालं.

त्यांची बायको शांताक्का विसरायला लागली होती. माणसं ओळखायची, पण गॅस बंद केला की नाही, ते तिला कळेना. शेगडीचं बटण गोल, वरची खूण पुसलेली, आणि बोटं वाताने वाकलेली. एकदा दूध जळलं, एकदा पातेल्याचं बूड गेलं. मुलगा सुधीर धुळ्याला नोकरीला. तो आला आणि म्हणाला, "नाना, गॅस काढून टाकू. डबा लावून देतो."

"मी काय बिमार शे, दुसरानं खावाले?" अक्का म्हणाली, आणि त्या दिवशी जेवलीच नाही. डब्याचं तर नाहीच, आमच्याकडचंही नाही.

नानांनी मुलाकडून पोळ्यापर्यंतची मुदत मागून घेतली. भंगारातून तसलीच जुनी शेगडी आणली आणि अंगणात खोलली. मला हाक मारून दाखवलं, "पाह्य वहिनी, आतली चावी चांगली शे, तिले हात लावना नही. खोट बटणमा शे. बंद शे का चालू, हाई हातले समजत नही, डोयाले बी नही."

मी म्हटलं, "एवढा खटाटोप करण्यापेक्षा तुम्हीच चहा करायला शिका की!"

"शिकेल शे," नाना म्हणाले. "पन ती पेत नही."

मग घरच्या शेगडीची बटणं काढून त्यांनी बोटभर लांबीचे सागवानी दांडे बसवले. वाकलेल्या बोटांनाही धरता येतील असे, टोकाला जाड. दांडा खाली टेकू नये म्हणून शेगडी फळ्यांवर चढवली. दांड्यावर बोट ठेवून मला समजावलं, "हात आडवा, म्हणजे बंद. हात पडना, म्हणजे चालू." आता रेल्वेच्या माणसाला यात काही सांगावं लागत नाही. जुन्या सिग्नलच्या खांबावरचा आडवा हात खाली पडला की गाडी निघते. मलाही ते बरोबरच वाटलं.

दोन-तीन दिवसांनी दुपारी मला गॅसचा वास आला. धावत गेले तर अक्का शेगडीसमोर निवांत बसून वांगी चिरत होती. मी सिलिंडर बंद केला, खिडक्या उघडल्या. "अक्का, अगं गॅस चालू आहे!"

"बंद शे ना," ती म्हणाली. "हात वर व्हता, मी खाले करा."

म्हणजे शेगडी बंदच होती. तिला आडवा हात चालू वाटला, म्हणून तिने तो पाडला. नाना मागच्या दारातून आले. ओरडले नाहीत. तिथेच फरशीवर बसले. शेगडीकडे बघत म्हणाले, "हाई मी तिन्हासाठे नही बनाडी, वहिनी. मन्हासाठे बनाडी."

मग त्यांनी तिलाच विचारलं, "काम चालू शे, तं तुना हात कसा ऱ्हास?" अक्काने भाकरी थापतात तसा हात वर धरला. "अन् काम सरनं म्हणजे?" तिने हात मांडीशेजारी सोडून दिला. नाना उठले. दांडे काढले आणि फिरवून बसवले. खाली पडला की बंद, उचलला की चालू. पुढे रोज ती स्वयंपाक करायची आणि नाना दारात खुर्ची टाकून बसायचे. तोंडाने सांगायचं नाही, असं त्यांनी स्वतःला बजावलं होतं. कधी हात नुसताच पुढे व्हायचा, तो मग मागे घेऊन दाढी खाजवायचे.

पोळा आला, गेला. सुधीरने डब्याचा विषय काढला नाही, पण सोडलाही नाही.

नाना सकाळी अंघोळीचं पाणी काढताना गेले. पुरुष त्यांना पोचवून परत आले. मी पिठलं-भाकरी करून नेली होती, ती तशीच झाकून होती. घर बायकांनी भरलेलं. अक्का उठली, आत गेली, दांडा उचलला, लायटर लावला.

सुधीरची मामी म्हणाली, "अक्का, आज या घरात आग पेटवत नाहीत."

"सुधीरना बाप येई आते," अक्का म्हणाली. "त्याले च्या लागी."

मामी पुढे झाली, तर सुधीरने तिला अडवलं. पाणी उकळलं, पत्ती पडली, दूध पडलं. साखर राहिली. तिने चहा गाळला आणि हात पाडला. ज्योत गेली. चहा सुधीरने घेतला, उभ्याउभ्याच प्याला.

तेरावं झाल्यावर तो आईला धुळ्याला न्यायला निघाला. तिची लुगडी, औषधांची पिशवी, एवढंच सामान. मग आत जाऊन शेगडी घेऊन आला. "काकू, डिकीत दांडे मोडतील का हो?"

"मोडतील," मी म्हटलं.

त्याने ती मागच्या सीटवर अक्काशेजारी ठेवली. मी एक जुनी गोधडी भोवती गुंडाळून दिली. गाडी गेली. मी घरात आले आणि दार लावून घेतलं.