भटूच्या मशीनमधल्या माझ्या दोन पट्ट्या

महिना-सव्वा महिना झाला. मी शहाद्याच्या माझ्या स्टुडिओत एका हळदीच्या व्हिडिओला गाणी लावत बसलो होतो, आणि प्रकाशा गावाहून भटूच्या चुलतभावाचा फोन आला. "लोटनभाऊ, भटूदादा गया ना… सकायले छातीमा दुखी उनं, दवाखानापावत बी पोचना नही." मी "काय सांगतोस" वगैरे जे म्हणायचं ते म्हटलं, फोन ठेवला. आणि पहिला विचार काय आला असेल? आता तालुक्यात सगळ्यात वेगवान मशीन माझी. लाज वाटली, पण आला तो आला. वीस वर्षांच्या दोस्तीत मी भटूवर जितका जळलो तितका सख्ख्या भावावरही जळलो नसेन.

आमचा दोघांचा धंदा एकच, लग्नाचे व्हिडिओ. कॉम्प्युटरही एकाच दिवशी सुरतेहून आणलेले, अगदी जुळे. कारखान्यातून प्रोसेसर चार पॉइंट दोनच्या वेगाला बांधून आलेला. सेटिंगमध्ये शिरून तो वेग वाढवता येतो, त्याला आमच्यात ओव्हरक्लॉक करणं म्हणतात. भटूने त्याचा चार पॉइंट आठवर नेला आणि तो तिथे खुंटा ठोकल्यासारखा टिकला. माझा चार-सहाच्या पुढे गेला की स्क्रीन निळी पडून बंद. त्याचं लग्न दुपारी तयार, माझं संध्याकाळी. गिऱ्हाईक काय, वाट बघत नाही. विसरवाडीपर्यंतची लग्नं त्याच्याकडे जायची आणि मी बघत राहायचो. विचारलं तर म्हणायचा, "तुन्ही मशीन चांगली शे रे. तू घाई करस." म्हणजे वरून पुन्हा माझंच चुकलं.

आखाजीला, म्हणजे अक्षय्य तृतीयेला, आमच्या खान्देशात पत्ते कुटायची रीत. आम्ही दोघं मात्र मशिनी पळवायचो. मी माझ्या कॉम्प्युटरचा डबा गोधडीत गुंडाळून मोटारसायकलवर प्रकाशाला न्यायचा. सुमनवहिनींच्या हातचे मांडे आणि आमरस झाला की भर दुपारी, कूलर बंद करून, दोन्ही मशिनींवर पूर्ण भार टाकायचा आणि तासभर बघत बसायचं. बाहेर चव्वेचाळीस डिग्री, आत आम्ही दोघं उघड्या अंगाने, घामाने निथळत. जिची स्क्रीन आधी बंद पडेल ती हरली. थंडीत कोणीही पळवेल, आखाजीला टिकली तरच खरी, असं भटू म्हणायचा. त्याच्या चार-आठला गाठायला मी चार-सहाच्या पुढे लावायचो, आणि पाच वर्षं मीच हरलो. हरलेल्या माणसाला तो आमरसाची आणखी एक वाटी वाढायचा, आणि ती मला कडू लागायची.

गेल्या आखाजीच्या महिनाभर आधी मी माझ्या मशीनमध्ये रॅमच्या आणखी दोन पट्ट्या घातल्या. वाटलं, मेमरी दुप्पट म्हणजे काम भराभर. झालं उलटंच. चार-सहालाही मशीन टिकेना. दोन दिवस डोकं आपटल्यावर उलगडा झाला. मेमरी सांभाळायचं काम प्रोसेसरच्याच आतला एक भाग करतो. दोन बैलांचा कासरा धरणाऱ्याच्या हातात चार बैलांचा दिला, तर तो चालेल, पण धावणार नाही. विजेचा दाब थोडा वाढवून भागतं, पण मग तापतं, आणि आमच्याकडच्या मे महिन्यात ती सोय नाही. मी पट्ट्या काढल्या… आणि मला भटू आठवला.

आखाजीला सकाळीच त्या पट्ट्या मी त्याच्या हातात ठेवल्या. "मन्हाकरता लईसन उना का रे?" त्याचा चेहरा असा उजळला की मी नजर चुकवली. म्हटलं, "आत्तेच बसाड ना." त्याने बसवल्या. दुपारी विसाव्या मिनिटाला त्याची स्क्रीन निळी झाली. माझी चार-सहावर तासभर चालली. "जितना रे भो," म्हणाला, "पुढली आखाजीले दखसू तुले." मी वाटीभर आमरस जास्त घेतला. त्या दिवशी गोड लागला, खोटं कशाला बोलू.

तेराव्यानंतर वहिनींनी बोलावलं. विसरवाडीच्या एका लग्नाचं काम त्याच्या मशीनमध्ये अर्धवट राहिलं होतं. मी त्याच्या खुर्चीत बसलो, काम लावलं, तर ते सरकेचना. सेटिंग उघडून पाहिलं. चार पॉइंट दोन, कारखान्याचा वेग. डबा उघडला तर चारही खाचा भरलेल्या, माझ्या दोन पट्ट्या जिथल्या तिथे. मला कळेना. एवढा हुशार माणूस, त्याला कारण सापडलं नाही?

वहिनी चहा घेऊन दारात उभ्या होत्या. "दुसराच दिन त्यासनी काढीसन दख्यं व्हतं भाऊ. मशीन मस्त पळनी. मंग पुन्हा बसाडी दिन्ह्यात."

"कसाले?"

"मी बी तेच इचारं. तुमना दोस्त म्हने, लोटनले बठ्ठं माहीत शे. हारी हारी कटाळी गया तो. यंदा जितना, म्हंजे पुढली आखाजीले नक्की येई."

चहा तसाच राहिला. रडू आलं, आणि खरं सांगतो, रडतानाही जळलो. मी सहा वर्षं वेग मोजत बसलो, आणि या माणसाने माझा डाव ओळखूनही, मी येत राहावं म्हणून आपली मशीन आठ महिने रांगती ठेवली. इथेही तोच पुढे. त्याला गाठायचं तरी कुठे?

विसरवाडीचं लग्न संध्याकाळपर्यंत झालं. पट्ट्या काढल्या असत्या तर दुपारीच झालं असतं. काढल्या नाहीत. निघताना वहिनी म्हणाल्या, "आखाजीले या भाऊ. त्यासनी घागर भरानी शे." गेलेल्या माणसाच्या नावाने आमच्याकडे आखाजीला पाण्याची घागर पुजतात.

जाणार आहे. डबा गोधडीत गुंडाळून नेणार आहे. तशाच दोन पट्ट्या माझ्यासाठीही मागवल्यात. त्याच्या टेबलावर, त्याच्या मशीनशेजारी, भर दुपारी माझी चारही खाचा भरून चार-सहाला लावणार. त्याची चार-दोनवर तासभर आरामात चालेल… माझी विसाव्या मिनिटाला बंद पडेल. मग वहिनींकडे आमरसाची वाटी मागेन.